गाय नंतर, वैरण आधी

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघालात, की लोणी काळभोर जाते, उरुळी कांचन जाते आणि यवतच्या अलीकडे कासुर्डी लागते. बहुतेकांना कासुर्डी म्हटले की टोलनाकाच आठवतो. पण रस्ता सोडून जरा आत वळा. उसाचे फड दिसतील, कांदा दिसेल, आणि दर चार-दोन घरांआड पत्र्याच्या शेडखाली काळ्या-पांढऱ्या संकरित गाई दावणीला उभ्या दिसतील. दक्षिणेला भुलेश्वरचा डोंगर, उत्तरेला मुळा-मुठा, आणि भीमेपलीकडे शिरूर तालुका. या पट्ट्यात आज दुधाच्या पगारावर किराणा भरणारी, पोरांची फी देणारी घरे किती आहेत, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

तुमच्यापैकी कुणी यंदा दोनाच्या चार किंवा पाचाच्या दहा गाई करायच्या विचारात असाल, तर आजचा मजकूर तुमच्यासाठी आहे. गाय कोणती घ्यावी, कितीला घ्यावी, हे सांगणारे पुष्कळ भेटतील. चैत्रापासून आषाढापर्यंत तिला घालणार काय, हे मात्र फारसे कुणी विचारत नाही.

हा मुलूख मुळात जनावरांचाच. दौंड-बारामतीकडच्या भागाला जुने नाव भीमथडी. इथली तट्टे मराठ्यांच्या फौजेत नावाजलेली होती. पेशवाईत घोड्यांसाठी कुरणे राखली जात. शिरूर तालुक्यातल्या आलेगाव पागा या गावाच्या नावात ती पागा अजून टिकून आहे. घोडी गेली, फौजा गेल्या, तरी गावोगावची गायराने आणि माळ बरीच वर्षे राहिले. सकाळी गुराख्याच्या हवाली केलेली जनावरे दिवेलागणीला घरी यायची. दूध शेर-दोन शेर निघायचे, पण वैरणीचा खर्चही तेवढाच कमी होता. आता माळ कुठे उरलाय? कालव्याचे पाणी आले तिथे ऊस झाला, रस्ता आला तिथे प्लॉट पडले. सुप्याजवळ गवताळ रानाचा एक तुकडा मयूरेश्वर अभयारण्य म्हणून 1997 साली राखला गेला. तो 5.14 चौरस किलोमीटरचा आहे आणि चिंकारांसाठी आहे, आपल्या गाईंसाठी नाही.

जनावर पाळणाऱ्याला वर्षातले वाईट महिने पार पाडायचे दोनच जुने मार्ग माहीत आहेत. एक म्हणजे गवत असेल तिथे जनावर न्यायचे. आपले धनगर बांधव तेच करतात. पावसाळा देशावर काढायचा, दिवाळीनंतर मेंढरे घेऊन घाटाकडे, कोकणाकडे उतरायचे. वाटेत शेतकऱ्याच्या रानात मेंढ्या बसवायच्या, खताच्या बदल्यात धान्य घ्यायचे. बिऱ्हाड घोड्यावर, पोरंसोरं आणि कोंबड्यासुद्धा घोड्यावर. मोठे कष्टाचे जिणे आहे, पण हिशेब चोख आहे.

दुसरा मार्ग म्हणजे गवत कापून, साठवून जनावरापुढे आणायचे. त्याचा एक दूरचा दाखला सांगतो. 1934 साली अमेरिकेतल्या वायोमिंगकडचे दोन गुराखी, रिच हॉब्सन आणि पॅन फिलिप्स, कॅनडात ब्रिटिश कोलंबियाच्या ओसाड जंगलात शिरले. डोंगरांपलीकडे मैलोन् मैल गवत मोकळे पडले आहे, अशी ऐकीव बातमी एवढेच भांडवल. रस्ता नाही, वस्ती तुरळक. गवत खरेच सापडले. पुढे त्यांनी फ्रंटियर कॅटल कंपनी काढली. शरद ऋतूत विक्रीची जनावरे हाकत क्वेनेल या गावी न्यायची, तर तो पल्ला तीनशे किलोमीटरच्या घरात. हॉब्सनने 1951 साली या साऱ्यावर पुस्तक लिहिले, ते तिकडे फार वाचले गेले.

तिथे जमिनीला तोटा नव्हता. तरी कळप किती ठेवायचा हे जमिनीवर ठरत नव्हते. हिवाळा लांबलचक, पारा शून्याच्या खाली चाळीस-पन्नास अंश, गवत बर्फाखाली. मग उन्हाळ्याच्या त्या थोड्या दिवसांत पाणथळ कुरणांवरचे गवत कापायचे, वाळवायचे, गंज्या रचायच्या. गंजी जेवढी, जनावरे तेवढीच जगणार. बर्फ वितळायच्या आधी गंजी संपली, तर हजारो एकराचा मालकही हात चोळत बसणार.

आपल्याकडे बर्फ नाही. पण त्यांचा पौष-माघ तो आपला वैशाख-ज्येष्ठ, एवढाच फरक.

आता घराजवळ येऊ. कासुर्डीपासून आठ-दहा किलोमीटरवर उरुळी कांचन. 1946 च्या मार्चमध्ये महात्मा गांधी तिथे आले, निसर्गोपचाराचे काम सुरू केले आणि मणिभाई देसाई या गुजराती तरुणाला मागे ठेवून गेले. सुरत जिल्ह्यातल्या कोसमाड्याचे मणिभाई तेव्हा जेमतेम सव्वीस वर्षांचे. गावातल्या महादेव तात्याबा कांचन यांच्यासारख्यांनी जमीन दिली. मणिभाईंनी आश्रम उभा केला आणि गोशाळाही. गीर गाई आणल्या, त्यांच्या दुधाच्या नोंदी ठेवल्या, निवड केली. परमुलखातून येऊन कोरड्या रानात गोठा वसवणारा हा माणूस त्या दोन गुराख्यांपेक्षा कमी धाडसी नव्हता. फरक असा, की त्यांना स्वतःचे रान उभे करायचे होते आणि मणिभाईंना दुसऱ्याचा गोठा.

1967 साली त्यांनी भारतीय ॲग्रो इंडस्ट्रीज फाउंडेशन म्हणजे आपली 'बाएफ' स्थापन केली. कमी दुधाच्या गावठी गाईला होल्स्टीन किंवा जर्सी वळूचे रेतन करायचे, आणि त्यासाठी शेतकऱ्याने गाय दवाखान्यापर्यंत ओढत न्यायची नाही, तर कार्यकर्त्याने गोठ्यात जायचे, अशी ती योजना. रेताच्या कांड्या द्रवरूप नत्रात, शून्याखाली 196 अंशांवर ठेवाव्या लागतात. (थंडी आपल्याही कामी आली म्हणायची, फक्त ती भांड्यात बंद करून दारात आली.) गाय माजावर आल्याचा निरोप गेला, की माणूस गाडीवर भांडे बांधून हजर. यातून देशभर लाखो कालवडी जन्मल्या. मणिभाईंना 1982 साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला, 1993 साली ते गेले.

हे सारे तुम्ही ऐकलेले असेल. त्यातला एक भाग मात्र आपण सोयीने विसरलो. बाएफने संकरित गाय एकटी दिली नव्हती, तिच्याबरोबर चाराही दिला होता. सत्तरच्या दशकात याच संस्थेने सुबाभूळ गावोगावी पोचवले. बांधावर लावा, छाटा, पाला घाला. त्यात प्रथिने भरपूर, मात्र मिमोसिन नावाचे द्रव्यही असते. म्हणून हिरव्या वैरणीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त घालू नये, नाहीतर जनावराचे केस गळतात. कालवड आपण घेतली, बांधावरचे सुबाभूळ तोडून सरपण केले. लसूणघासाच्या वाफ्यातही ऊस गेला. गोठा वाढला आणि वैरणीचे रान आखडले. मग वाईट महिन्यांसाठी आपण तिसरा मार्ग काढला, विकत आणायचा. दूध डेअरीला घालायचे आणि त्याच पैशाची पेंड आणि वैरण आणायची. वैशाखात वैरणीचा भाव चढतो, दुधाचा चढेलच असे नाही.

दिवाळीपासून होळीपर्यंत या पट्ट्यात वैरणीची ददात नसते. कारखाने चालू, गुऱ्हाळे चालू, उसाचे वाढे मुबलक. गाडीभर वाढे आले की गव्हाण भरली. पण वाढ्यावर सर्वस्वी विसंबू नका. त्यात ऑक्झलेट असते, ते शरीरातला कॅल्शियम खाते. नुसत्या वाढ्यावर ठेवलेली गाय व्याल्यावर अंगाने बसली, तर दैवाला दोष देऊ नका. वाढे कुट्टी करून, चुन्याची निवळी शिंपडून, सोबत कडबा मिसळून द्यावेत. आणि मुख्य गोष्ट ही, की गाळप उरकले की वाढे संपतात. गुढीपाडव्याच्या सुमारास ऊन तापायला लागते, गाय धापा टाकू लागते, आणि नेमके तेव्हाच दारातली फुकटात पडणारी वैरण बंद होते. पाऊस पडून घास हाताशी यायला आषाढ उजाडतो. म्हणजे चार महिने, 120 दिवस.

दहा गाईंचा हिशेब मांडू. एका संकरित दुभत्या गाईला दिवसाला हिरवी वैरण किंवा मुरघास 20 किलो आणि वाळली वैरण 5 किलो धरा. पेंड-सुग्रास वेगळी. दहा गाईंना रोज 200 किलो हिरवे, 120 दिवसांना 24 टन. कडबा 6 टन. बघा, आकडा ऐकून दचकलात ना? पण तो आवाक्यातला आहे. पाणी आणि खत वेळेवर असेल तर मक्याची हिरवी वैरण एकरी 15 ते 20 टन निघते. थोडी नासाडी धरली तरी पावसाळी मक्याचे दीड ते दोन एकर पुरतात. वीस फूट लांब, दहा फूट रुंद, आठ फूट खोल खड्ड्यात किंवा बांधीव हौदात हा मुरघास मावतो, कारण चांगला दाबलेला मुरघास घनफुटाला साधारण 15 किलो भरतो.

मका कापायचा केव्हा? कणसातला दाणा दुधाळ जाऊन चिकाळ झाला की, म्हणजे पेरणीपासून साधारण 75 ते 85 दिवसांनी. कुट्टी एक इंचापेक्षा मोठी नको. मुठीत घट्ट दाबून बघा. बोटांतून पाणी ठिबकले तर मका अजून ओला, मूठ उघडताच भुगा झाला तर उशीर झाला, गोळा हळूहळू सुटला तर बरोबर. थर टाकत ट्रॅक्टरने दाबायचे, हवा राहू द्यायची नाही, वर प्लॅस्टिक आणि मातीचे वजन. दीड महिन्याने उघडा. आंबूस, गोडसर वास आला तर जमले. काळपट, बुरशीचा भाग काढून फेका, चव बघायला म्हणून गाईला घालू नका. दाबण्यात कसूर केलेला खड्डा उघडल्यावर जो वास येतो तो शेजारच्या वस्तीपर्यंत जातो, आणि वर्षभर गावाला बोलायला विषय होतो.

आणखी एक. हिशेब लिटरचा करू नका, तोंडांचा करा. दहा दुभत्या म्हटल्या तरी गोठ्यात दोन-तीन भाकड असतात, कालवडी असतात, गोऱ्हे असतात. संकरित गोऱ्ह्याला औतात कुणी जुंपत नाही आणि 2015 च्या राज्याच्या कायद्याने बैल-वळूच्या कत्तलीवरही बंदी आहे. मग ते माळावर सोडलेले दिसतात, कुणाच्या तरी उभ्या पिकात. लिंगनिश्चित रेताच्या कांडीने दहात नऊ कालवडी होण्याचा भरवसा देतात. कांडी महाग पडते खरी, पण गोऱ्ह्याने वर्षभरात खाल्लेल्या वैरणीची किंमत एकदा काढून बघा.

1972 च्या दुष्काळात माणसांना मिलो आणि सुकडी मिळाली, जनावरे मात्र मातीमोल भावाने गेली. 2013 आणि 2019 च्या टंचाईत राज्यात चारा छावण्या उघडाव्या लागल्या. ज्यांच्या घरी गंजी होती त्यांचा गोठा तेव्हाही घरीच राहिला. कालव्याचे आवर्तन आपल्या हातात नाही, पाऊस तर नाहीच नाही. जूनमध्ये मक्याला दोन एकर बाजूला काढायचे की नाही, एवढे आपल्या हातात आहे.

तेव्हा बँकेत गाईच्या कर्जाचा अर्ज भरायच्या आधी टेप घेऊन घरामागे जा आणि वीस बाय दहाची जागा कुठे निघते ते मोजा. खड्डा उंचवट्यावर हवा, पावसाचे पाणी आत झिरपणार नाही असा, आणि गव्हाणीपासून फार लांब नको. रोज दोनशे किलो वाहायचे आहेत, तेही घरातल्या बाईलाच.