कॉर्सेट आणि दमसास

एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय बायका कॉर्सेटमध्ये दिवसभर गुदमरत असत, हे सिनेमांनी पसरवलेले चित्र अर्धेच खरे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाला एका श्वासाला जेमतेम अर्धा लिटर हवा लागते आणि निरोगी स्त्रीच्या फुप्फुसांची क्षमता साधारण तीन लिटर किंवा त्याहून जास्त असते. त्यामुळे थोडी क्षमता कमी झाली तरी चहा घेत गप्पा मारण्यात काही अडत नसे. संग्रहालयातल्या अठरा इंची कॉर्सेटवरून अठरा इंची कंबर मानणेही घाईचे आहे, कारण पाठीमागे फितीने बांधायच्या दोन कडांमध्ये बहुतेकदा काही इंचांची फट सोडलेली असे. दमछाक व्हायची ती जिना चढताना, नाचताना. म्हणजेच राखीव श्वासाची गरज पडली की.

गाणे हा सगळा या राखीव श्वासाचाच कारभार. ऑपेरा गायिकेला दोन ओळींच्या मधल्या क्षणात मोठा श्वास भरायचा असतो आणि मग तो काटकसरीने, दीर्घकाळ सोडायचा असतो. इटालियन पद्धतीत यासाठी खालच्या फासळ्या पसरलेल्या ठेवून श्वासपटल हळूहळू वर येऊ देतात. कॉर्सेटच्या पोलादी किंवा देवमाशाच्या मुखपट्ट्यांच्या कांड्या नेमक्या या खालच्या फासळ्यांना आवळतात. मग हवा भरण्यासाठी छातीचा वरचा भाग आणि खांदे उचलावे लागतात, मानेचे स्नायू ताणले जातात, आणि तो ताण स्वरयंत्रापर्यंत पोहोचतो. म्हणून माझ्या मते गायिकेचे खरे नुकसान किती हवा मावते यात कमी आणि ती हवा कुठून, कशी आत येते यात जास्त आहे.

त्या काळी अनेक डॉक्टर बायका निसर्गतःच छातीने श्वास घेतात असे मानत. 1887 मध्ये फिलाडेल्फियातील डॉ. थॉमस मेज यांनी कॉर्सेट न वापरलेल्या मूलनिवासी अमेरिकन मुलींचा श्वास तपासला, तेव्हा बहुतेकींचा श्वास पोटाचाच निघाला. ज्याला स्त्रीस्वभाव समजले जात होते, ते निदान काही अंशी फितीचे काम होते.

यावर हमखास विचारले जाते, मग अडेलिना पॅटी, नेली मेल्बा यांच्यासारख्या नामांकित ऑपेरा गायिका कशा गायल्या? त्यांची कारकीर्द तर कॉर्सेटच्याच जमान्यात बहरली. पण ज्या गाजल्या त्यांचीच नावे आपल्याला ठाऊक आहेत. कोणाचा आवाज फितीपायी आखडला याची नोंद कोण ठेवणार! शिवाय कॉर्सेट ढिले बांधता येते. लंडनचे कंठतज्ज्ञ लेनक्स ब्राऊन आणि गायनशिक्षक एमिल बेन्के यांनी 1883 च्या ग्रंथात आवळलेल्या पोशाखाविरुद्ध लिहिले, म्हणजे तक्रार या धंद्याच्या आतूनच होती. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: काही गायिकांना पोटाला आधार मिळाल्यासारखा वाटतो. ते खोटे नाही. मणक्याला इजा होऊन पोटाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांना पोटपट्टा बांधला, तर बसल्यावर त्यांची श्वासक्षमता सुधारते. मात्र तो पट्टा पोटावर असतो, फासळ्या मोकळ्या राहतात. आणि ज्या गायिकेचे स्नायू धडधाकट आहेत तिला उसन्या भिंतीची गरज नसते.

आजही जुन्या काळातल्या ऑपेरांसाठी कॉर्सेट चढवावे लागतेच. जाणत्या गायिका फीत आवळली जात असताना फासळ्या पुरत्या फुगवून धरतात, आणि कापड बेतणाराही माप भरल्या श्वासावर घेतो.