धडधडीला ‘टेन्शन’ म्हणून सोडून देऊ नका!

अंबरनाथ किंवा बदलापूर स्टेशनचा पूल रोज चढणाऱ्या कुणालाही विचारा. गाडी पकडायची घाई असेल तर छातीत धडधडतंच. दोन मिनिटांत श्वास जागेवर येतो आणि आपण विसरून जातो. पण समजा, गेल्या वर्षी एका दमात चढत होतात तोच पूल यंदा मध्ये थांबून चढावा लागतोय. रात्री आडवं झालं की दम लागतो, म्हणून दोन उशा लागतात. किंवा शांत बसलेलं असताना अचानक छातीत मासा तडफडावा तसं होतं. घरचे काय म्हणतात? ‘टेन्शन घेऊ नकोस.’ ‘जागरणं कमी कर.’ मुलगी असेल तर हमखास ‘रक्त कमी असेल’.

बऱ्याचदा ते खरंही असतं. जास्तीचा चहा, एनर्जी ड्रिंक, अपुरी झोप, थायरॉइड, कमी हिमोग्लोबिन अशा कारणांनीही धडधड होते. पण नेमकं कारण अंदाजाने नाही, तपासणीनेच कळतं. कारण तरुण वयात हृदयाची झडप बिघडवणारा एक आजार श्रीमंत देशांतून जवळपास गेला असला, तरी आपल्याकडे अजून आहे. त्याचं नाव रुमॅटिक ताप.

सुरुवात घशातून

साधारण ५ ते १५ या वयात स्ट्रेप्टोकॉकस नावाच्या जंतूमुळे घसा दुखतो, मग बराही होतो. काही मुलांना मात्र दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा ताप येतो. गुडघा सुजतो, तो उतरतो तोवर घोटा सुजतो. जंतूंशी लढणारी शरीराची यंत्रणा गफलतीने आपल्याच सांध्यांवर आणि हृदयाच्या झडपांवर तुटून पडलेली असते. सांधे बरे होतात. झडपेला झालेली इजा मात्र राहू शकते आणि ताप पुन्हा पुन्हा आला की वाढत जाते. त्रास जाणवायला अनेक वर्षं जातात. म्हणजे नेमकं कॉलेज, नोकरी आणि लग्नाचं वय येतं.

हा जंतू गर्दीच्या घरात सहज पसरतो. उल्हासनगर १९४९ मध्ये फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांच्या छावणीतून उभं राहिलं. २०११ च्या जनगणनेत जेमतेम १३ चौरस किलोमीटरमध्ये ५ लाख ६ हजार ९८ माणसं होती. एका खोलीत पाच-सहा जण झोपत असतील तर एकाचा घसा घरभर फिरतो, हे आपल्याला नवीन नाही. म्हणून लहान भावंडाचा घसा दुखून ताप आला तर हळद-दुधावर भागवू नका, डॉक्टरांना दाखवा. अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा.

ताल कसा सुटतो?

हृदयात चार झडपा असतात. रक्त पुढे जावं, मागे येऊ नये, एवढंच त्यांचं काम. रुमॅटिक तापाचा मार सर्वांत जास्त डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेवर बसतो. ती आखडून अरुंद झाली की रक्त मागे तुंबतं, फुप्फुसांवर दाब येतो आणि दम लागतो. वरचा कप्पा ताणून मोठा होतो आणि ताल सोडतो. ढोल पथकात प्रत्येकाने मनाला येईल तसं टिपरू मारलं तर जे होईल, तेच. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. कप्पा नीट आकुंचन पावत नाही, आतलं रक्त साकळतं. ती गुठळी मेंदूत गेली तर पक्षाघात होतो, अगदी पंचविशीतही.

अंगठ्याखाली मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघा. शांत बसलेलं असताना ती मिनिटाला साधारण ६० ते १०० असते. ठोक्यांमधलं अंतर सतत वेडंवाकडं लागत असेल तर ईसीजी काढा. धडधड अधूनमधून होत असेल तर साध्या ईसीजीत ती सापडेलच असं नाही. मग २४ तासांचं होल्टर लावतात. झडपेचं चित्र टूडी इकोमध्ये दिसतं.

तारीख चुकवायची नाही

ताप पुन्हा येऊ नये म्हणून साधारण दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन देतात. किमान पाच वर्षं आणि झडप जास्त बिघडली असेल तर अगदी चाळिशीपर्यंत. इंजेक्शन दुखतं. आपण तर ठणठणीत असतो. म्हणून एक तारीख चुकते, मग दुसरी. खरा घात इथे होतो.

झडप अरुंद झाली असेल तर काही जणांना मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन ती उघडता येते, छाती उघडावी लागत नाही. काहींची झडप बदलावी लागते. तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत तयार झालेली भारतीय ‘चित्रा’ झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली गेली. अशी यांत्रिक झडप बसली की रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आणि आयएनआर ही रक्ततपासणी ठरल्या वेळी. या गोळीचं आणि पालेभाजीचं वाकडं आहे. साई भाजी असो की अळूचं फदफदं, बंद करू नका, पण आज वाडगाभर आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असंही नको. अंगदुखीची गोळी मेडिकलमधून परस्पर घेऊ नका. दात काढण्याआधी डेंटिस्टला झडपेबद्दल सांगा.

लग्नाचं काय?

खरी भीती बहुतेकदा इथे असते. ‘कळलं तर स्थळं येणार नाहीत’ म्हणून मुलीचा आजार लपवला जातो, सासरी गेल्यावर गोळ्या बंद होतात. गरोदरपणात शरीरातलं रक्त जवळपास दीडपट होतं. अरुंद झडपेला तो भार झेपत नाही आणि लपवलेलं तेव्हा बाहेर येतं, तेही जिवावर बेतून. रक्त पातळ करणाऱ्या काही गोळ्या पहिल्या महिन्यांत बाळाला घातक ठरू शकतात. म्हणून दिवस जाण्याआधीच हृदयाच्या डॉक्टरांशी बोलायचं, गोळी मनाने बंद करायची नाही. योग्य देखरेखीत झडपेचा आजार असलेल्या अनेक जणी सुखरूप आई होतात. लपवण्यापेक्षा सांगणं सुरक्षित आहे, मुलांसाठीही.

कुठे जाल?

सुरुवात उल्हासनगरचं मध्यवर्ती रुग्णालय, अंबरनाथचं छाया रुग्णालय किंवा बदलापूरचं ग्रामीण रुग्णालय इथून करा. पुढच्या उपचारांसाठी सायन आणि परळचं केईएम आपल्याच रेल्वेमार्गावर आहेत. ऑपरेशन सांगितलं तर पैशांच्या काळजीने घरी बसू नका. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रिया आहेत, रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. शाळेतल्या भावंडांची राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात तपासणी होते, त्या दिवशी त्यांना घरी ठेवू नका. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हात-पाय लुळा पडणं, यांपैकी काही झालं तर थेट १०८.

तुमच्या ग्रुपमध्ये कुणी दर २१ दिवसांनी ‘आज जमणार नाही, काम आहे’ म्हणत असेल तर चिडवू नका, सोबत जा. मोबाइलच्या रिचार्जची २८ दिवसांची तारीख आपण कधी विसरत नाही. त्याच फोनमध्ये ही २१ दिवसांची तारीखही टाका.