छायाचित्र मुद्रणातील काळ्या शाया
इंकजेट मुद्रकावर कृष्णधवल छायाचित्राची कागदी प्रत काढण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या काळ्या व करड्या शाया. दिसावयास या शाया सारख्याच वाटल्या, तरी त्यांतील रंगकारक पदार्थ भिन्न असतात आणि प्रत अल्पावधीत विटणार की अनेक दशके टिकणार, हे मुख्यतः त्यांवर अवलंबून असते. पारंपरिक कृष्णधवल प्रतीतील चित्र जिलेटिनाच्या थरातील चांदीच्या सूक्ष्म कणांचे असते. नीट धुतलेल्या अशा प्रती शंभर वर्षांनंतरही सुस्थितीत आढळतात. त्यामुळे इंकजेट प्रतीच्या टिकाऊपणाची तुलना साहजिकच त्यांच्याशी करण्यात येते.

प्रकार : रंगकारकानुसार या शायांचे दोन मुख्य वर्ग पडतात. रंजक शाईत रंजकाचे रेणू पाण्यात विरघळलेले असतात. प्रकाश, ओझोन व आर्द्रता यांचा सुट्या रेणूंवर लवकर परिणाम होतो आणि रंग फिका पडतो. रंगद्रव्य शाईत अविद्राव्य घन कण द्रवात निलंबित असतात. कणाच्या पृष्ठभागावरील रेणूंचे ऑक्सिडीभवन झाले, तरी आतील रेणू सुरक्षित राहतात. काळ्या शाईतील रंगद्रव्य म्हणजे कार्बन (काजळी) होय. कार्बन प्रकाशाने विटत नाही. जुन्या पोथ्यांतील काजळाच्या शाईची अक्षरे आजही काळीभोर दिसतात, ती यामुळेच.

इतिहास : छायाचित्रणात कार्बनाचा उपयोग नवीन नाही. फ्रान्समध्ये आल्फाँस प्वातव्हँ यांनी १८५५ मध्ये कार्बन मुद्रणाचे तत्त्व मांडले आणि इंग्लंडमध्ये जोसेफ स्वॉन यांनी १८६४ मध्ये त्याची व्यवहार्य पद्धती सिद्ध केली. इंकजेट छायामुद्रणाचा प्रारंभ मात्र रंजक शायांनी झाला. ‘नॅश एडिशन्स’ या अमेरिकन संस्थेने १९९१ पासून आयरिस मुद्रकावर कलात्मक प्रती काढल्या. परंतु त्या काळच्या रंजक शाया लवकर विटत. २००० नंतर रंगद्रव्य शाया प्रचारात आल्या. एप्सनने २००५ मध्ये आणलेल्या के-३ शायांत काळी, फिकी काळी व अतिफिकी काळी अशा तीन पातळ्या होत्या. त्यामुळे करड्या छटांसाठी रंगीत शायांवर विसंबण्याची गरज पुष्कळच कमी झाली. केवळ कार्बनाच्या अनेक पातळ्या असलेले शायांचे संचही काही उत्पादकांनी तयार केले.

करड्या छटांचा प्रश्न : काळ्या शायांच्या तुलनेत हा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा आहे. शुद्ध कार्बन शाई विरळ केली, की तिच्यात तपकिरी झाक दिसू लागते. ही झाक घालविण्यासाठी निळसर व किरमिजी रंगद्रव्ये, उदा., कॉपर थॅलोसायनीन व क्विनॅक्रिडोन, अल्प प्रमाणात मिसळावी लागतात. ती बरीच टिकाऊ असली, तरी कार्बनाइतकी नसतात. कालांतराने ती असमान वेगाने विटतात आणि फिक्या करड्या भागांत हिरवट, गुलाबी वा पुन्हा तपकिरी झाक उमटते. कृष्णधवल चित्रात असा थोडासा बदलही डोळ्यांस चटकन जाणवतो. निळी, किरमिजी व पिवळी या तीन रंजक शाया मिसळून तयार केलेला काळा रंग याच कारणाने सर्वांत अविश्वसनीय ठरतो. तात्पर्य, रंगीत घटक जितका कमी, तितकी प्रत अधिक टिकाऊ. तपकिरी झाक स्वीकारणे हे टिकाऊपणाचे मोल होय.

कागद : चकचकीत कागदासाठीच्या काळ्या शाईतील कणांवर रेझिनाचे आवरण असते, मॅट कागदासाठी वेगळी काळी शाई लागते. चकचकीत कागदावर सु. २·२ वा अधिक प्रकाशीय घनता मिळते, म्हणजे अत्यंत काळ्या भागातून जेमतेम ०·६ टक्के प्रकाश परावर्तित होतो. मॅट कागदावर घनता सु. १·६ ते १·७ असते व परावर्तन २ ते २·५ टक्के होते. त्यामुळे तेथील काळा रंग कमी गडद दिसतो. कागद अधिक पांढरा दिसावा म्हणून त्यात घातलेली प्रकाशी उजळकारके जंबुपार किरण शोषून निळसर प्रकाश देतात. ती निकामी झाल्यावर कागद पिवळसर दिसतो. शाई अबाधित राहूनही चित्र जुने वाटते, ते यामुळे. म्हणून कायम जतनासाठी उजळकारकविरहित, अम्लमुक्त सुती कागद निवडतात.

टिकाऊपणाचे मापन : प्रतीवर तीव्र प्रकाश टाकून परीक्षा त्वरेने करतात व निष्कर्ष वर्षांत सांगतात. हेन्‍री विल्हेल्म यांच्या संस्थेच्या पद्धतीत ४५० लक्स प्रकाश रोज १२ तास गृहीत धरतात. वर्षाला हे प्रदीपन सु. २० लक्ष लक्स-तास होते. संग्रहालयात ५० लक्स प्रकाश रोज ८ तास असल्यास ते सु. दीड लक्ष लक्स-तासच भरते. म्हणून वर्षांचा आकडा वाचताना गृहीत धरलेला प्रकाश, काचेचे आच्छादन व ओझोनाची परीक्षा यांची माहिती पाहणे आवश्यक असते. त्यांवाचून दोन शायांची तुलना दिशाभूल करणारी ठरते.