मेहरौलीचा उर्स आणि गांधीजींचे अखेरचे दिवस

जानेवारी आला की आम्हाला पंचावन्न कोटींचा हिशेब हमखास ऐकावा लागतो. पाकिस्तानला पैसे मिळावेत म्हणून गांधीजी उपाशी बसले आणि त्यापायी जीव गमावला, असे शेजारी सांगतात, मोबाईल सांगतो. मुलेही बाहेर हेच ऐकून येतात आणि घरी विचारतात. तेव्हा उत्तर आपल्याला ठाऊक हवे.

सप्टेंबर १९४७ मध्ये गांधीजी दिल्लीत पोहोचले तेव्हा पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा घरदार सोडून आलेल्या मुसलमानांनी भरला होता. पश्चिम पंजाबातून सर्वस्व गमावून आलेल्या हिंदू-शिखांनी थंडीत मशिदींचा आसरा घेतला होता. त्यांचे दुःखही खोटे नव्हते. जानेवारीत दिल्लीचे काही मौलाना गांधीजींकडे आले. असे जगण्यापेक्षा आम्हाला विलायतेला तरी पाठवून द्या, असे ते वैतागून म्हणाले. हे बोल गांधीजींना फार लागले. १३ जानेवारीला त्यांनी उपोषण सुरू केले. वय ७८.

आदल्या दिवशी प्रार्थनासभेत त्यांचे निवेदन वाचले गेले. त्यात पंचावन्न कोटींचा शब्दही नाही. उपोषणाचा दबाव मंत्रिमंडळावर पडला, हे खरे. पण रक्कम देण्याचा निर्णय १५ तारखेला जाहीर झाला आणि उपोषण १८ तारखेपर्यंत चालले. मग ते तीन दिवस कशासाठी?

ते होते दिल्लीतल्या माणसांसाठी. सब्जीमंडी, करोलबाग, पहाडगंजात मुसलमानांना निर्धास्त फिरता यावे, मशिदी परत मिळाव्यात, त्यांच्यावरचा व्यापारी बहिष्कार उठावा आणि मेहरौलीला ख्वाजा कुतबुद्दीन बख्तियार काकी (रहमतुल्लाह अलैहि) यांचा उर्स नेहमीसारखा व्हावा, असे लेखी वचन सर्व पक्षांच्या पुढाऱ्यांनी दिले. हिंदू महासभा आणि राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे प्रतिनिधीही त्यांत होते. मौलाना आझादांनी दिलेला संत्र्याचा रस घेऊन गांधीजींनी उपोषण सोडले.

दोनच दिवसांनी, २० तारखेला, प्रार्थनासभेजवळ बॉम्ब फुटला. तरी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती त्यांनी घेऊ दिली नाही.

रबीउल अव्वलचा महिना होता. २७ जानेवारीला सकाळी ते मेहरौलीला गेले. उर्स भरला होता, हिंदू आणि शीखही आले होते. ख्वाजासाहेबांचे मुरीद बाबा फरीद, आणि बाबा फरीदांची वाणी शिखांच्या गुरू ग्रंथसाहेबात. हे नाते त्या थंडीत किती जणांच्या ध्यानी होते, कोण जाणे! दंगलीत फोडलेली संगमरवरी जाळी पाहून गांधीजी हळहळले. पाराचिनारला हिंदू-शीख मारले गेल्याची बातमी नुकतीच आली होती. तिचा सूड इथे घेऊ नका, असे त्यांनी जमलेल्यांना विनवले.

त्याच २७ तारखेला नथुराम गोडसे आणि नारायण आपटे मुंबईहून विमानाने दिल्लीत उतरले. दोघेही पुण्याचे, आपलीच भाषा बोलणारे. रात्री ते ग्वाल्हेरला गेले आणि तिथून पिस्तूल घेऊन परतले.

३० तारखेला दुपारी मौलाना आझाद तासभर गांधीजींजवळ बसून घरी गेले. काही बोलायचे राहिले म्हणून संध्याकाळी पुन्हा आले, तर बिर्ला भवनाचे फाटक बंद आणि बाहेर गर्दी. तोवर सारे संपले होते.

मारेकरी मुसलमान आहे, अशी आवई उठायला वेळ लागला नाही. तो हिंदू आहे, हे रेडिओने त्याच संध्याकाळी मुद्दाम सांगितले. ते ऐकेपर्यंत देशभरातल्या कितीतरी मोहल्ल्यांत दारे आतून बंद होती.