दुरुस्तीनंतर लॅपटॉपमधून नाहीसे झालेले 'ऑफिस'

रुग्णपत्रके, औषधसाठ्याच्या नोंदी, बॅचची कागदपत्रे, लेबलांचे मसुदे हे सर्व आज बहुतेक वैद्यांच्या व औषधालयचालकांच्या लॅपटॉपवर असते. हा लॅपटॉप बिघडून दुरुस्तीस जातो, चार-आठ दिवसांनी परत येतो आणि व्यवस्थित सुरूही होतो. परंतु वर्ड आणि एक्सेल त्यातून नाहीसे झालेले असतात. फाइलींची चिन्हे कोरी दिसतात आणि त्यांवर क्लिक केले असता ही फाइल कशाने उघडावयाची, असे संगणकच आपणांस विचारतो. सभासदांकडून याविषयी वारंवार विचारणा होत असल्याने हा विषय येथे थोड्या विस्ताराने मांडत आहोत.

आरंभीच एक भेद ध्यानात घ्यावा. वर्ड-एक्सेल हे साधन होय व त्यात आपण लिहिलेला मजकूर ही स्वतंत्र वस्तू होय. साधन गेले म्हणून मजकूर गेला असे होत नाही. साधन पुन्हा मिळविता येते, गेलेला मजकूर मात्र नेहमीच परत मिळतो असे नाही. म्हणून लॅपटॉप हाती आल्यावर पहिले काम ऑफिस शोधण्याचे नसून आपल्या फाइली जागेवर आहेत की नाहीत हे पाहण्याचे आहे. त्या असतील तर लगेच पेन ड्राइव्हवर वा बाहेरच्या हार्ड डिस्कवर त्यांची प्रत काढावी. नसतील तर लॅपटॉपवर नवे काहीही न घालता तो बंद करून ठेवावा. कारण पुसलेल्या जागेवर नवे लिखाण झाले की जुने परत मिळण्याची आशा उरत नाही. अलीकडच्या एसएसडी प्रकारच्या डिस्कमध्ये तर पुसलेला मजकूर परत मिळणे मुळातच दुरापास्त असते.

चिकित्सेआधी निदान हवे, हे वैद्यांस आम्ही सांगावयास नको. दुरुस्ती करणाऱ्याने नेमके काय केले हे विचारावे आणि ते बिलावर लिहून घ्यावे. विंडोजमधील 'रिसेट' ही क्रिया 'माझ्या फाइली ठेवा' हा पर्याय निवडून केली असेल तर मजकूर शाबूत राहतो, घातलेली सॉफ्टवेअरे तेवढी जातात, आणि काढून टाकलेल्या सॉफ्टवेअरांची यादी डेस्कटॉपवर ठेवलेली आढळते. डिस्क फॉरमॅट न करता विंडोज नव्याने घातली असेल तर सी ड्राइव्हमध्ये 'विंडोज डॉट ओल्ड' नावाचे फोल्डर सापडते. त्यात जुना सर्व पसारा असतो. मात्र हे फोल्डर काही दिवसांनी आपोआप पुसले जाऊ शकते, तेव्हा त्यातील फाइली त्याच दिवशी बाहेर काढाव्यात. डिस्कच बदलली असेल तर जुनी डिस्क मागून घ्यावी. ती आपली आहे आणि तिच्यात रुग्णांची माहिती आहे. दुकानाच्या खणात ती पडून राहणे कोणत्याही दृष्टीने योग्य नाही.

मदरबोर्ड बदलला असेल तर प्रकार निराळा. ऑफिस जागेवर दिसते, पण त्याचा परवाना ओळखला जात नाही. कित्येकदा विंडोज सुरू होण्यापूर्वीच ४८ अंकी 'बिटलॉकर' कळ मागितली जाते. घाबरून जाऊन फॉरमॅटला संमती देऊ नये. ही कळ बहुधा लॅपटॉप प्रथम सुरू करताना वापरलेल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जपून ठेवलेली असते व दुसऱ्या संगणकावरून त्या खात्यात प्रवेश करून पाहता येते.

आता ऑफिसविषयी. २०१० व त्यापूर्वीच्या आवृत्त्यांबरोबर सीडी किंवा कार्ड आणि २५ अक्षरी कळ मिळत असे. ती कळ हरवली तर परवाना हरवल्यासारखेच होते. २०१३ पासून ही रीत बदलली. किरकोळ विक्रीचे ऑफिस एकदा एखाद्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडले की परवाना त्या खात्यात राहतो. त्या खात्याने मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावर प्रवेश करून 'सर्व्हिसेस अँड सबस्क्रिप्शन्स' हे पान उघडले की खरेदी केलेले ऑफिस तेथे दिसते आणि तेथूनच ते विनामूल्य पुन्हा घालता येते. कळ शोधून देण्याचा दावा करणाऱ्या सॉफ्टवेअरांच्या नादी लागू नये. या आवृत्त्यांत कळीची शेवटची पाच अक्षरेच संगणकावर राहतात, त्यामुळे शोधण्यासारखे काही नसतेच.

खरी अडचण येते ती खाते कोणते, या प्रश्नाशी. लॅपटॉप घेताना दुकानातील मुलाने "सर, सगळे सुरू करून देतो" म्हणून एखादे खाते उघडून दिलेले असते. कधी आपल्या मोबाइल क्रमांकावर, कधी मुलाच्या वा सुनेच्या ई-मेलवर, तर कधी दुकानाच्याच पत्त्यावर. घरातील प्रत्येक ई-मेल खात्यात मायक्रोसॉफ्टकडून आलेली जुनी पत्रे शोधावीत. नव्या लॅपटॉपबरोबर मिळालेले ऑफिस कोणत्याच खात्याशी जोडलेले नसेल, आणि अशी जोडणी ठराविक मुदतीतच करावी लागते, तर खरेदीचे बिल व अनुक्रमांक घेऊन लॅपटॉपच्या कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्राकडे दाद मागावी. जाता जाता एक सूचना: 'होम अँड स्टुडंट' या नावाचे ऑफिस घरगुती वापरासाठी असते, त्याच्या अटी व्यवसायातील वापरास मुभा देत नाहीत. औषधालयचालकांनी हे पाहून घ्यावे.

तसेच, २०१६ व २०१९ या आवृत्त्यांना मिळणारी सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. त्या चालतात, पण इंटरनेटशी जोडलेल्या संगणकावर रुग्णांची माहिती ठेवणाऱ्याने त्यांवर विसंबणे आम्हांस धोक्याचे वाटते.

दुरुस्ती करणारे पुष्कळदा दोन-तीनशे रुपयांत ऑफिस घालून देतात. हे ऑफिस बहुधा चोरीचे असते. ते चालू करण्यासाठी विषाणूप्रतिबंधक सॉफ्टवेअर बंद करावे लागते, यातच सर्व आले. प्रताधिकार कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार अशी प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्यास किमान सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. खर्च करावयाचा नसेल तर 'लिब्रऑफिस' हे मोफत व कायदेशीर सॉफ्टवेअर आहे. वर्ड-एक्सेलच्या फाइली त्यात उघडतात, क्वचित तक्त्यांची मांडणी थोडी हलते इतकेच. तात्पुरती गरज असेल तर मायक्रोसॉफ्ट खात्याने ब्राउझरमध्ये वर्ड व एक्सेल फुकट वापरता येतात.

ऑफिस परत आले तरी मराठी मजकुराचा प्रश्न राहतो, आणि आमच्या मते आपल्या व्यवसायात तोच सर्वांत जाचक आहे. श्रीलिपी, आकृती, कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टांत टंकलेले पाठ, लेबले व पथ्यपत्रके फॉरमॅटनंतर उघडली की 'अश्वगंधारिष्ट'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा गुंता दिसतो. फाइल बिघडली असे समजून ती काढून टाकण्याचा मोह होतो. तसे करू नये. त्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागीच मराठी अक्षरांचे तुकडे बसविलेले असतात; तोच फॉन्ट पुन्हा घातला की मजकूर जसाच्या तसा दिसू लागतो. जुन्या डिस्कवर विंडोजमधील 'फॉन्ट्स' फोल्डर उपलब्ध असेल तर त्याची प्रत अवश्य घ्यावी. श्रीलिपीसारख्या सॉफ्टवेअरचे हार्डवेअर लॉक असेल तर लॅपटॉपबरोबर ते दुरुस्तीस देऊ नये. पुढे सवडीने हा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करावा, मात्र रूपांतरानंतर जोडाक्षरे, रफार आणि मात्रांचे आकडे मूळ प्रतीशी ताडून पाहावेत. 'पर्पटी'तील रफार हलला तर वाचता येते. चूर्णाच्या प्रमाणातील आकडा बदलला तर अनर्थ होतो.

औषधनिर्मात्यांना या नोंदी हव्यात त्या केवळ सोयीसाठी नव्हेत. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियम, १९४५ मधील परिशिष्ट 'टी' प्रमाणे बॅचनिहाय नोंदी ठेवणे बंधनकारक आहे, तर वस्तू व सेवा कराचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. लॅपटॉप दुरुस्तीस गेला होता, हे उत्तर तपासणीस आलेल्या अधिकाऱ्यापुढे पुरत नाही.

म्हणून लॅपटॉप दुकानात देण्यापूर्वी फाइलींची प्रत बाहेर काढावी, ऑफिसचे खाते व बिटलॉकर कळ कागदावर लिहून घरी ठेवावी, आणि "विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये" असे पावतीवर लिहवून घ्यावे. हिशेबासाठी टॅली वापरत असाल तर फॉरमॅटपूर्वी तिचा परवाना 'सरेंडर' करावा. नंतर तो त्याच ओळखीने पुन्हा सुरू करता येतो.