ब्रॅडमन, गावसकर, तेंडुलकर : सरासरी काय सांगते?

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत एक वाद हमखास रंगतो. पन्नाशी ओलांडलेले सर म्हणतात, "गावसकरसारखा फलंदाज पुन्हा होणे नाही." तरुण बाई तेंडुलकरच्या बाजूने उभ्या राहतात. मग कोणीतरी ब्रॅडमनचे नाव काढतो. एक जण सरासरी सांगतो, दुसरा शतके मोजतो, घंटा होते आणि वाद तसाच राहतो.

हा वाद गणिताने सुटेल का? पूर्ण सुटणार नाही. पण त्यातला कोणता भाग सुटू शकतो आणि कोणता नाही, हे मात्र गणित नेमके सांगू शकते. आणि हे समजून घेणे शिक्षकांच्या रोजच्या कामाशी निगडित आहे. ते कसे, ते शेवटी पाहू.

भागायचे कशाने?

सुनील गावसकरने १२५ कसोटी सामन्यांत २१४ डाव खेळून १०,१२२ धावा केल्या. त्याला २१४ ने भागले तर ४७.३० येतात. पण त्याची सरासरी ५१.१२ मानली जाते, कारण १६ नाबाद डाव वगळून आपण फक्त १९८ ने भागतो. नाबाद डावांतल्या धावा मात्र बेरजेत धरतो. ही लबाडी नव्हे का?

विजेच्या दिव्यांचे उदाहरण घेऊ. एका कारखान्याने १० दिवे तपासणीसाठी लावून ठेवले. तपासणी संपली तेव्हा ८ दिवे गेलेले होते, २ अजून जळत होते. त्या दोघांचे पूर्ण आयुष्य आपल्याला माहीत नाही. ते "इतक्या तासांहून जास्त" एवढेच माहीत आहे. दिवा जाण्याचा धोका दर तासाला सारखाच असेल, तर सर्व दिव्यांच्या एकूण तासांना फक्त गेलेल्या दिव्यांच्या संख्येने भागणे हाच सरासरी आयुष्य काढण्याचा योग्य मार्ग ठरतो. नाबाद फलंदाज म्हणजे अजून जळणारा दिवा. तेव्हा क्रिकेटची जुनी रीत बरोबर आहे, पण एका अटीवर : बाद होण्याचा धोका शून्यावर असो की नव्वदवर, सारखाच असला पाहिजे.

ही अट खरी आहे का? १९४५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकात जी. एच. वुड यांनी क्रिकेटमधल्या धावसंख्या भूमितीय श्रेणीशी ताडून पाहिल्या होत्या. आपणही तसे करून पाहू. सरासरी ५० असलेला फलंदाज प्रत्येक टप्प्यावर पुढची धाव काढण्याचा संभव ५१ पैकी ५०, आणि त्याआधीच बाद होण्याचा ५१ पैकी १. शतकासाठी हा टप्पा सलग १०० वेळा पार करायला हवा, म्हणून ५०/५१ चा शंभरावा घात काढायचा. उत्तर येते ०.१३८, म्हणजे साधारण सात डावांत एक शतक.

याच रीतीने चार फलंदाजांची अपेक्षित शतके काढली (नाबाद डावांमुळे पडणारा थोडा फरक सोडून दिला आहे) :

ब्रॅडमन : डाव ८०, सरासरी ९९.९४, अपेक्षित शतके ३०, प्रत्यक्ष २९
सोबर्स : डाव १६०, सरासरी ५७.७८, अपेक्षित शतके २९, प्रत्यक्ष २६
गावसकर : डाव २१४, सरासरी ५१.१२, अपेक्षित शतके ३१, प्रत्यक्ष ३४
तेंडुलकर : डाव ३२९, सरासरी ५३.७८, अपेक्षित शतके ५२, प्रत्यक्ष ५१

एवढ्या साध्या सूत्राने इतके जवळचे उत्तर यावे, याचे नवल वाटते. पण सूत्र एका ठिकाणी सपशेल चुकते. ब्रॅडमनच्या ८० डावांत त्याच्या हिशेबाने जेमतेम एक भोपळा यायला हवा. प्रत्यक्षात सात आले. तेंडुलकरचे सहा अपेक्षित, प्रत्यक्षात १४. म्हणजे सुरुवातीला, नजर बसण्याआधी, धोका जास्त असतो. हे तर प्रत्येक क्रिकेटप्रेमी जाणतोच. आकडे त्याला दुजोरा देतात.

नशिबाचा वाटा

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. तेंडुलकर ५३.७८ आणि गावसकर ५१.१२. हा अडीच धावांचा फरक कौशल्याचा, की नशिबाचा? सुटलेला झेल, पंचांचा निर्णय, खाली राहिलेला चेंडू हे सगळे सरासरीत मिसळलेले असते. वरच्या सूत्रावरून या अनिश्चिततेचा अंदाज काढता येतो : सरासरीला, फलंदाज जितक्या वेळा बाद झाला त्या संख्येच्या वर्गमुळाने भागायचे. याला प्रमाण त्रुटी म्हणतात.

गावसकर १९८ वेळा बाद झाला. वर्गमूळ सुमारे १४. म्हणून प्रमाण त्रुटी ३.६ धावा. तेंडुलकर २९६ वेळा बाद झाला, त्याची ३.१ धावा. दोघांमधला फरक या त्रुटींपेक्षा लहान आहे. म्हणजे सरासरीवरून दोघांत थोर कोण हे ठरवताच येत नाही. वाद घालायला हरकत नाही, पण त्या वादात सरासरीला साक्षीदार म्हणून बोलावू नये.

डाव थोडे असले की सावधगिरी आणखी हवी. वेस्ट इंडीजचा अँडी गँटोम १९४८ मध्ये एकच कसोटी डाव खेळला आणि त्याने ११२ धावा केल्या. त्याची सरासरी ११२, ब्रॅडमनपेक्षा जास्त! हे उदाहरण हसण्यावारी नेता येते, पण आपल्या विजय मर्चंटचे नेता येत नाही. १९३३ ते १९५१ अशा अठरा वर्षांत त्याला जेमतेम दहा कसोटी सामने मिळाले. महायुद्धाने ऐन उमेदीची वर्षे नेली. १८ डावांत ८५९ धावा, सरासरी ४७.७२, आणि प्रमाण त्रुटी तब्बल ११. प्रथम श्रेणी सामन्यांत त्याची सरासरी ७१ च्या वर होती. कसोटीत तो किती मोठा ठरला असता, हे १८ डाव सांगू शकत नाहीत. "पुरावा अपुरा आहे" हेही विज्ञानातले एक प्रामाणिक उत्तर असते.

आणि ब्रॅडमन? १४ ऑगस्ट १९४८ रोजी ओव्हलवर एरिक हॉलीजने त्याला शून्यावर त्रिफळाचीत केले, आणि शंभरच्या सरासरीसाठी लागणाऱ्या चार धावा राहून गेल्या. त्याची हळहळ आजही ऐकू येते. पण तो ७० वेळा बाद झाला, त्यामुळे त्याची प्रमाण त्रुटी १२ धावांची आहे. ९९.९४ आणि १०० यांत संख्याशास्त्राच्या दृष्टीने काहीच फरक नाही. ब्रॅडमन आणि इतर यांच्यातला फरक मात्र चाळीस धावांचा आहे. तो नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही.

ज्याची त्याच्या काळाशी तुलना

एका वर्षी गणिताचा पेपर कठीण निघाला. वर्गाची सरासरी ४५, प्रमाण विचलन १०. एका मुलीला ६५ मिळाले. पुढच्या वर्षी पेपर सोपा : सरासरी ६०, प्रमाण विचलन १५, एका मुलाला ७८ मिळाले. सरस कोण? मुलगी सरासरीपेक्षा दोन विचलने वर आहे, मुलगा १.२. तिची कामगिरी आपल्या वर्गात जास्त उठून दिसणारी आहे.

क्रिकेटचा "पेपर"ही बदलत गेला. व्हिक्टर ट्रंपरची सरासरी ३९.०४ आणि त्याच्याच काळातल्या क्लेम हिलची ३९.२१. आजच्या मापाने हे आकडे साधारण वाटतील. पण त्या काळी पावसात भिजलेल्या उघड्या खेळपट्टीवर खेळावे लागे. पहिल्या महायुद्धानंतर चित्र बदलले. सटक्लिफ ६०.७३, हेडली ६०.८३, हॅमंड ५८.४५, बॅरिंग्टन ५८.६७, ग्रॅम पोलॉक ६०.९७, संगकारा ५७.४०. नियम, साधने, गोलंदाज बदलले, तरी दीर्घकाळ खेळलेल्या थोर फलंदाजांची कमान साठच्या आसपास टेकते. ब्रॅडमन हेडली-हॅमंडच्याच काळात खेळला. म्हणून "त्या वेळी धावा स्वस्त होत्या" हे स्पष्टीकरण त्याला पुरत नाही.

ऑस्ट्रेलियाच्या चार्ल्स डेव्हिस यांनी निरनिराळ्या खेळांतल्या श्रेष्ठांची अशीच विचलनांत तुलना केली. ब्रॅडमन सरासरीपेक्षा ४.४ विचलने वर निघाला. फुटबॉलचा पेले ३.७.

इथेही एक सावधगिरी आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये गेल्या कित्येक दशकांत प्रमुख लीगमध्ये कोणाचीही मोसमाची सरासरी .४०० पर्यंत पोचली नाही. जीवाश्मशास्त्रज्ञ स्टीफन जे गूल्ड यांनी दाखवून दिले, की याचा अर्थ खेळाडू खालावले असा नाही. एकूण दर्जा उंचावला, फार कच्चे खेळाडू गळाले आणि सगळेच एकमेकांच्या जवळ आले. सगळी टेकाडे उंचावली की शिखर बुटके दिसते.

शीर्षकाखाली काय दडले आहे?

शेवटी आपल्या लाडक्या आकड्याकडे वळू. वेस्ट इंडीजविरुद्ध गावसकरने २७ कसोटींत २,७४९ धावा केल्या. १३ शतके, सरासरी ६५.४५. यावरून "त्या तोफखान्यासमोर पासष्टची सरासरी" असे म्हटले जाते. पण यातल्या ७७४ धावा १९७१ च्या मालिकेतल्या आहेत. तेव्हा रॉबर्ट्स, होल्डिंग, गार्नर, मार्शल यांपैकी एकही कसोटीत आलेला नव्हता. ७३२ धावा १९७८-७९ च्या आहेत, आणि तेव्हा वेस्ट इंडीजचे प्रमुख खेळाडू पॅकरच्या सामन्यांमुळे संघाबाहेर होते. या दोन मालिका वगळल्या तर १७ कसोटींत १,२४३ धावा, २९ वेळा बाद, सरासरी ४२.९ आणि पाच शतके उरतात.

यामुळे गावसकर लहान होतो का? मुळीच नाही. सलामीला जाऊन त्या गोलंदाजांसमोर ४३ ची सरासरी किती मोठी, हे त्यांच्यासमोर इतरांनी काय केले ते पाहूनच कळेल. पण "वेस्ट इंडीज" या एका नावाखाली दोन वेगळ्या गोष्टी मिसळल्या होत्या, हे मान्य केले पाहिजे. आपल्या आवडत्या माणसाचा आकडा तपासताना ही शिस्त पाळणे सर्वांत अवघड असते.

वर्गात करून पाहा

प्रत्येक विद्यार्थ्याला एक फासा द्या. सहा पडला की बाद. इतर काहीही पडले की एक धाव. प्रत्येकाने वीस डाव खेळून आपली सरासरी काढावी. सर्वांची खरी सरासरी पाचच आहे. तरीही कोणाची तीनच्या जवळ येईल, कोणाची सातच्या. सातवाल्याला त्याचे रहस्य विचारा. तो फासा टाकायच्या पद्धतीबद्दल काहीतरी सांगेलही!

मग मुलांना सांगा, की इथे सगळे फलंदाज अगदी सारखे होते. आणि पुढच्या वेळी अर्ध्या गुणाच्या फरकाने पहिला आणि दुसरा क्रमांक फळ्यावर लिहिताना आपणही हा फासा आठवावा.