आजीची पैठणी कपाटात ठेवूनही का फाटते?

घरात लग्न ठरलं की हा विषय निघतोच. "आजीची पैठणी काढूया का?" कपाट उघडतं, प्लॅस्टिकची पिशवी सुटते, साडी उलगडली जाते आणि बघतो तर काय, बरोबर घडीवर सरळ रेषेत चिरलेली. वीस वर्षांत कुणी नेसलीसुद्धा नाही, मग फाटली कशी?

तर होतं असं की, रेशीम हा प्रथिनांचा धागा आहे, आपल्या केसांसारखा. जुना होत जातो तसा तो ठिसूळ होतो आणि वर्षानुवर्षं एकाच घडीत दुमडलेला राहिला की तिथेच तुटतो. त्यात खऱ्या जरीत रेशमाच्या धाग्यावर चांदीची चपटी तार गुंडाळून सोन्याचा मुलामा दिलेला असतो. ही तार घडीवर शेजारच्या रेशमाला कापत जाते. प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडली की बुरशी धरते ती वेगळीच.

मग धुवायची का?

जुनी पैठणी किंवा शालू असेल तर घरी धुऊ नका. ओलं रेशीम आणखी कमजोर होतं आणि काठाचा रंग अंगावर उतरू शकतो. डाग घालवणाऱ्या बऱ्याच पावडरींमध्ये प्रथिनं तोडणारी एन्झाइम्स असतात. त्यांना डाग कुठला आणि रेशीम कुठलं, हे कळत नाही. साडी जीर्ण असेल तर ड्रायक्लीनिंगच्या मशीनमधली घुसळणही तिला झेपत नाही. नेसून झाल्यावर रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवली तरी पुरते.

सुती कपड्यांचं मात्र वेगळं असतं. पणजीने शिवलेली कुंची, झबलं किंवा जुनं सुती लुगडं धुता येतं. आधी ओला पांढरा कपडा आतल्या कोपऱ्यावर दोन मिनिटं दाबून धरा. त्यावर रंग उतरला तर धुणं रद्द. नाही उतरला तर पसरट टबात साधं पाणी आणि अगदी थोडा सौम्य लिक्विड साबण घ्या. कपडा हाताने हलकेच दाबा. चोळू नका, पिळू नका. साबण पूर्ण जाईपर्यंत पाणी बदला. उचलताना खाली टॉवेल धरा, नाहीतर पाण्याच्या वजनानेच कपडा फाटतो. मग सावलीत आडवा पसरून वाळवा. ठेवणीतल्या कपड्याला खळ घालू नका, ती खायला कसर येते.

ठेवायचं कसं?

धुतलेल्या, बिनरंगी मलमलमध्ये गुंडाळा. घडीच्या आत मऊ कापडाची गुंडाळी ठेवा, म्हणजे कडक दुमड पडत नाही. वर्षातून दोनदा, पावसाळा सोडून, बाहेर काढा, सावलीत हवा द्या आणि घडी बदला. साडी फारच नाजूक असेल तर घडी घालण्याऐवजी कापड गुंडाळलेल्या जाड नळीवर गुंडाळा. हँगरला मात्र लटकवू नका.

डांबरगोळ्यांचं काय?

जरीला त्या चिकटू देऊ नका. आणि बाळाच्या कपड्यांत तर ठेवूच नका. त्या वाफेमुळे काही नवजात बाळांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात आणि गंभीर कावीळ होऊ शकते. बारशाला जुनी कुंची घालायची हौस असेल तर हे आधी बघा. त्यापेक्षा कपाट कोरडं आणि स्वच्छ ठेवा, अधूनमधून उघडून बघत जा.

साडी आधीच फाटली असेल तरी लगेच जुनी जर विकत घेणाऱ्याला देऊन टाकू नका. तो ती चांदीसाठी जाळतो. पदर तरी जपता येतो.

शेवटचं काम अगदी सोपं आहे. एका कागदावर पेन्सिलने लिहा, साडी कुणाची, कधी घेतली, कुणाच्या लग्नात नेसली. त्याचा फोटो काढून ठेवा. हे सांगणारं माणूस घरात आहे तोवरच विचारून घ्या. नंतर कपाटात साडी उरते, पण ती कुणाची होती हे सांगायला कुणी उरत नाही.